कोशकार आणि पूर्णतेचा सोस

शब्दकोश हा असा ग्रंथ आहे कीं, तो कधींच पुरा होत नाहीं. भाषा बोलणारीं माणसें जोंवर आहेत तोंवर नवे शब्द जन्मास येत राहतात, जुन्यांचे अर्थ पालटतात. आणि शेवटच्या अक्षराची छपाई चालूं असतां पहिल्या अक्षरांत दहा उणिवा झालेल्या असतात. म्हणून ‘करावयाचें तें निर्दोषच, नाहीं तर करावयाचेंच नाहीं’ अशा बाण्याच्या मनुष्याची खरी परीक्षा कोशाच्या कामांत होते. हा बाणा दिसावयास थोर दिसतो. परंतु पुष्कळदां त्याच्या पोटीं लोक दोष काढतील ही भीति दडलेली असते. कित्येक विद्वानांचीं हस्तलिखितें पेटींतल्या पेटींत कसरीच्या तोंडीं पडतात, त्याचें कारण आळस नसतें. ‘आणखी एकदां तपासूं’ हा हव्यास असतो.

फ्रान्स देशांतील ॲकॅडमी १६३५ मध्यें स्थापन झाली. फ्रेंच भाषेचा प्रमाण कोश करणें हें तिचें एक मुख्य कार्य होतें. सभासद मोठमोठे पंडित. एकेका शब्दावर वाद चाले, ठरलेलें पुन्हां मोडे. अखेर कोश बाहेर पडला तो १६९४ मध्यें! मध्यंतरीं फ्यूरेतिएर नांवाच्या एका सभासदानें स्वतंत्रपणें आपला कोश रचला. या अपराधाबद्दल १६८५ मध्यें ॲकॅडमीनें त्यास काढून टाकलें आणि १६८८ मध्यें तो वारला. परंतु त्याचा कोश १६९० मध्यें हॉलंडांत छापला जाऊन ॲकॅडमीच्या चार वर्षें आधीं लोकांच्या हातीं पडला. पंडितांची सभा पंचावन्न वर्षांत जें करूं शकली नाहीं तें एका माणसानें आधीं करून दाखविलें, हें सभेस किती झोंबलें असेल!

इंग्लंडांतील डॉक्टर जॉन्सन याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्यानें कोशाचें काम पत्करलें तेव्हां तीन वर्षांत तें उरकण्याची त्याची उमेद होती. लागलीं जवळजवळ नऊ. आरंभीं प्रत्येक शब्दाच्या मुळाशीं जावें, प्रत्येक शास्त्राचा ठाव घ्यावा, अशी त्याची आकांक्षा होती. मग त्यास अनुभव आला कीं, एक शंका फेडावयास जावें तों तींतून दुसरी निघते, आणि शोधिलेलें सर्वच सांपडतें असें नाहीं. तेव्हां त्यानें शोधास मर्यादा घातली, आणि ही हकीकत स्वतःच्या प्रस्तावनेंत मोकळेपणें सांगून १७५५ मध्यें कोश प्रसिद्ध केला. त्यांत चुका राहिल्याच. घोड्याच्या खुरावरील भागाचा इंग्रजी शब्द ‘पॅस्टर्न’. जॉन्सननें त्याचा अर्थ घोड्याचा गुडघा असा दिला. एका बाईनें याचें कारण विचारलें, तेव्हां त्यानें आपलें निव्वळ अज्ञान हेंच कारण सांगितलें. पुढें १७७३ च्या चौथ्या आवृत्तींत त्यानें स्वतः ग्रंथ पुष्कळ सुधारला. कोश प्रसिद्धच झाला नसता तर ती बाई विचारती कशास? चूक दाखविणारा वाचक ग्रंथ छापल्यावांचून मिळत नाहीं.

आतां येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. हयगय ही निराळी वस्तु आहे. जो शब्द घेतला त्याचा अर्थ ताडून पाहणें, आधार तपासणें यांत कसूर करणारा कोशकार कोशकारच नव्हे. सोडावयाचा तो सगळें एकदमच साधण्याचा आग्रह. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा संपादक मरे हा या बाबतींत चांगला दाखला आहे. त्याच्याइतका काटेकोर मनुष्य विरळा. १८७९ मध्यें करार झाला तेव्हां दहा वर्षांत काम संपेल असा अंदाज होता; पांच वर्षांनीं, १८८४ मध्यें, पहिला भाग निघाला तो पहिल्या अक्षरांतील ‘ॲंट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंतच! विद्यापीठाचे विश्वस्त घाई करीत, मरे शुद्धतेसाठीं अडून बसे. दोघांचेंहि चालावें अशी तोड एकच होती, ती ही कीं, जेवढें तयार होईल तेवढें भागशः छापून काढावें. मरे १९१५ मध्यें निवर्तला. सुमारें अर्धा कोश त्याच्याच हातचा. समग्र ग्रंथ १९२८ मध्यें पुरा झाला. इतकी दक्षता राखूनहि ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, हा शब्द राहूनच गेला. त्याची चिठ्ठी गहाळ झाली होती. १९३३ च्या पुरवणींत तो घातला, आणि त्यापायीं कोशाची प्रतिष्ठा तिळमात्र उणी झाली नाहीं.

मराठीचें भाग्य असें कीं, तिला हा विवेक जाणणारे कोशकार लाभले. मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्यानें टॉमस व जॉर्ज कँडी या जुळ्या बंधूंच्या व एतद्देशीय पंडितांच्या साहाय्यानें मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें काढला. त्यांत सुमारें चाळीस हजार शब्द होते. सर्व मराठी शब्द गोळा होईपर्यंत थांबावयाचें त्यानें मनांत आणलें असतें, तर कोंकणच्या एखाद्या गांवींच त्याचें आयुष्य सरतें. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरांत गेली. ही वीस हजारांची भर पहिल्या आवृत्तीच्या पायावरच पडली. शाळेंतल्या मुलांस साठ हजारांचा कोश जड म्हणून बाबा पदमनजी यांनीं १८६३ मध्यें त्याचा संक्षेप केला, तोहि उपयोगी ठरला.

पुढें ज्ञानकोशकार केतकर यांच्या तालमींत तयार झालेले दाते व कर्वे यांनीं ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हातीं घेतला. १९३२ ते १९३८ या काळांत त्याचे सात विभाग निघाले, आणि राहून गेलेल्या शब्दांसाठीं १९५० मध्यें पुरवणी विभाग निघाला. आजहि जुन्या मराठींतला एखादा शब्द अडला म्हणजे अभ्यासक आधीं मोल्सवर्थ उघडतो. तेथें न मिळाला तर दाते-कर्वे यांचे विभाग पाहतो, आणि तेथेंहि नसला तर पुरवणी.