घर हीच शाळा : अभ्यासक्रम कसा निवडावा?

लखनौ शहरातून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब हे तहसिलीचे गाव लागते. एका जुन्या तलावावरून गावाला हे नाव पडले. ‘बख्शी’ म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. हाच शब्द मराठीत ‘बक्षी’ या रूपाने आला आणि आडनाव होऊन राहिला. आज या गावाजवळ भारतीय हवाई दलाचा तळ आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे काही वर्षांसाठी येतात आणि बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड आवरून पुढे जातात.

अशा एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. वडील हवाई दलात सार्जंट आहेत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आईची शाळा आठवीनंतर सुटली होती. आता ती मुक्त विद्यालयातून दहावीचा अभ्यास करीत आहे. धाकटी मुलगी आनंदाने केंद्रीय विद्यालयात जाते. बदली झाली तरी तेथील अभ्यासक्रम सर्वत्र तोच असतो, ही अशा कुटुंबांची मोठीच सोय होय. परंतु 11 वर्षांच्या मुलाला अक्षरे जुळवून वाचणे फार जड जाते. तोंडी विचारले तर तो चटकन उत्तर देतो, पण पुस्तक समोर आले की त्याच्या पोटात दुखू लागते. वर्गाच्या वेगाने चालणे त्याला जमत नाही. दोन-तीन वर्षे त्याला घरीच, त्याच्या गतीने शिकवावे, असे आईवडिलांनी ठरवले. आता प्रश्न उभा राहिला : शिकवायचे काय आणि कशाच्या आधारे?

असे करण्यास कायद्याची आडकाठी आहे काय, ही शंका प्रथम मनात येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. जे पालक स्वेच्छेने मुलांना घरी शिकवू इच्छितात, त्यांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मांडली. अर्थात मुलाला दुकानात कामाला लावून ‘तो घरी शिकतो’ असे म्हणणे हे गृहशिक्षण नव्हे.

पुष्कळ पालक पुस्तकांपासून सुरुवात करतात. वास्तविक सुरुवात शेवटापासून करावी. हा मुलगा पुढे कोणत्या परीक्षेच्या दारातून बाहेर पडणार, हे आधी पाहावे लागते. मुंबईच्या एका मुलीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिच्या आईने तिला माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच शाळेतून काढले आणि घरी शिकू दिले. तिला संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा छंद जडला. आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. 2016 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. आपल्याकडील आय.आय.टी.चे दार मात्र तिच्यासाठी बंद राहिले, कारण तिच्याजवळ बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. तिची बुद्धी आणि तिची पदके तिला दुसरीकडे घेऊन गेली. प्रत्येक मुलाजवळ अशी पदके असणार नाहीत. त्याला प्रमाणपत्राचाच आधार लागणार.

बख्शी का तालाबच्या मुलापुढे तीन मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब आणि क असे तीन स्तर असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष मानले जातात. वयाची 14 वर्षे पूर्ण झाली की त्याच संस्थेच्या दहावीला प्रवेश घेता येतो. आधीच्या शाळेचा दाखला नसेल, तर दहावीचा अभ्यास करण्याइतके शिक्षण झाले आहे, असे स्वतःचे लेखी निवेदन चालते. पाच विषय निवडायचे असतात, त्यांत किमान एक भाषा हवी, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते. एक-एक विषय घेऊन सावकाश पुढे जाण्याची ही मुभा आपल्या मुलाच्या दृष्टीने मोलाची आहे. वाचनाची अडचण वैद्यकीय प्रमाणपत्राने सिद्ध झाली, तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांचीही सवलत मिळते. दुसरा मार्ग साताऱ्याकडचा. कुटुंब महाराष्ट्रात परतले, तर राज्य मंडळाचा 17 क्रमांकाचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येईल. तिसरा मार्ग म्हणजे वाचन सुधारल्यावर मुलाला पुन्हा शाळेत घालणे. हा मार्ग मोकळा ठेवायचा असेल, तर घरचा अभ्यास शाळेच्या अभ्यासक्रमापासून फार दूर जाऊन चालणार नाही.

यानंतर माध्यमाचा विचार येतो. मुलगा घरी मराठी बोलतो, गल्लीत हिंदी, आणि शाळेची पुस्तके इंग्रजीतील. ज्याला वाचणेच कठीण जाते, त्याला तीन भाषांचे वाचन एकदम शिकवू नये. जी भाषा त्याच्या तोंडात पक्की आहे, तिच्यापासून प्रारंभ करावा. येथे ती मराठी होय. मराठी आणि हिंदी यांची लिपी देवनागरीच असल्याने एकीत कमावलेले दुसरीत उपयोगी पडते. तरी सावध राहावे लागते. हिंदी पुस्तकावर ‘शिक्षा’ हा शब्द शिक्षण या अर्थाने छापलेला असतो. मराठी मुलगा तो वाचून दचकला, तर त्याचा दोष नाही. हिंदीत ‘चेष्टा’ करणे म्हणजे प्रयत्न करणे, मराठीत थट्टा करणे. अशा शब्दांची एक वही मुलानेच केली, तर तोच भाषेचा उत्तम पाठ होतो.

घरी शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पंडिता रमाबाई (1858-1922) यांचे सगळे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करण्यात गेले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते, आणि आईने पहाटे उठवून मुलीला पाठ दिले. या शिक्षणाचे फळ एवढे मोठे की 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु याच अभ्यासक्रमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. व्याकरण, पुराणे आणि काव्य यांत सारे आयुष्य घातलेल्या या कुटुंबात पोटापुरते मिळवण्याचे कसब कोणी शिकले नव्हते, आणि नव्या विद्येला घराचे दार बंद होते. दुष्काळ आला, गाठीचा पैसा संपला, तेव्हा आईवडील आणि थोरली बहीण दगावली. रमाबाईंनी पुढे स्वतःच्या आठवणींत ही उणीव स्पष्ट शब्दांत मांडली आहे. इंग्रजी भाषा, आधुनिक शिक्षणशास्त्र हे त्या इंग्लंड-अमेरिकेत जाऊन प्रौढपणी शिकल्या. घरच्या अभ्यासक्रमात जे गाळले जाते, ते दिसत नाही; शाळेत कोणी तरी विचारणारे असते, घरी असत नाही. म्हणून आईवडिलांना जो विषय आवडत नाही किंवा येत नाही, तो आधी लिहून काढावा. आपल्या उदाहरणातील आईला बीजगणिताची धास्ती वाटते. ती आठवड्यातून दोन संध्याकाळी तळावरच्या एखाद्या जाणत्या शेजाऱ्याची मदत मागू शकते. विषय टाकून देणे हा उपाय नव्हे.

आता पुस्तके. यासाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची मराठी माध्यमाची पुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, अर्थात एन.सी.ई.आर.टी.ची हिंदी-इंग्रजी पुस्तकेही तशीच मिळतात. परिषदेची नवी पुस्तके 2023 पासून टप्प्याटप्प्याने आली आहेत, म्हणून शेजाऱ्याकडून जुने पुस्तक घेताना वर्ष पाहून घ्यावे. मुक्त विद्यालयाचे पुस्तक निराळ्या घाटाचे असते. ते शिक्षक जवळ नाही असे धरून लिहिलेले असल्याने पाठाच्या मध्येच प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे शेवटी दिलेली असतात. आई स्वतः ज्या पुस्तकातून शिकते, त्यातील विज्ञानाचा एखादा पाठ तिने मुलाला मोठ्याने वाचून दाखवावा; दोघांचाही अभ्यास होतो.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंकही विनामूल्य वाचता येतात. छोट्या गोष्टी आणि चित्रे यांमुळे अडखळत वाचणाऱ्यास ते पाठ्यपुस्तकापेक्षा जवळचे वाटते. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांसारख्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याच्या रीती दाखवल्या आहेत, आणि त्यांची कितीतरी पुस्तके मराठीत आहेत. हजारो रुपयांचे तयार संच विकणारे विक्रेते हल्ली दारोदार येतात. संच घेण्यापूर्वी त्यातील एक पाठ मागून घ्यावा आणि आठवडाभर चालवून पाहावा. मुलगा तो पाठ संपल्यावर आपल्या शब्दांत सांगू शकतो काय, आणि तो चुकला तर कोठे चुकला हे आईला कळते काय, एवढे पाहिले तरी पुरे. चकचकीत वेष्टनावरून हे कळत नाही.

गावही पुस्तकासारखे उघडे आहे. मलिहाबाद-काकोरीप्रमाणे या तहसिलीतही आंब्याच्या बागा आहेत. हापूस माहीत असलेल्या मुलाने दशहरीचा मोहोर कधी येतो, फळ कधी उतरते, पेटीला भाव काय मिळतो हे विचारून तक्ता केला, तर भूगोल आणि गणित दोन्ही साधतात. साताऱ्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट आणि 40 गुंठ्यांचा 1 एकर. येथे लोक बिघा आणि बिस्वा म्हणतात. 20 बिस्व्यांचा 1 बिघा होतो, पण बिघा सगळीकडे सारखा नसतो. इथला बिघा किती गुंठ्यांचा, हे शेतकऱ्याला विचारून काढलेले उदाहरण मुलगा सहसा विसरत नाही.

या सर्वांची तारखेसह नोंद एका वहीत ठेवावी : काय वाचले, कोणते उदाहरण जमले, कोणते राहिले. पुन्हा शाळेत जायचे झाल्यास मुख्याध्यापकांपुढे ठेवण्यास हीच वही उपयोगी पडते. दर तीन महिन्यांनी ती चाळून जे पुस्तक उघडलेच गेले नाही, ते बाजूला काढावे. बदलीचा हुकूम येईल तेव्हा काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत जागा थोडीच असते. त्यात ही वही, हिंदी-मराठी शब्दांची दुसरी वही, गणिताचे पुस्तक आणि ‘किशोर’चे चार अंक मावले, तर पुढच्या गावी दुसऱ्याच दिवशी सकाळी अभ्यास सुरू करता येतो.