मनोरथ आणि संकल्प

बडोद्यासारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला वर्षारंभ शोधावा लागत नाही. तो वर्षातून अनेकदा आपण होऊन दाराशी येतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण दिवाळीचा पाडवा साजरा करीत असतो, तेव्हा शेजारचे गुजराती कुटुंब ‘साल मुबारक’ म्हणत येते आणि विक्रम संवताचा आकडा एकाने वाढतो. १ जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते, १ एप्रिलला कचेरीचे आर्थिक वर्ष बदलते, आणि आम्हा शिक्षकांचे वर्ष तर जूनमधील पहिल्या घंटेबरोबर सुरू होते. इतके आरंभ वाट्याला आलेल्या माणसाने नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी करावी, यात नवल नाही. नवल हे की, त्यातील बहुतेक याद्या पुढल्या आरंभापर्यंत टिकत नाहीत. असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. मराठीत इच्छा, मनोरथ, नवस, नेम, व्रत आणि संकल्प असे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मनोरथाला सारथी लागत नाही, तो मनात धावतो. नवसात भार देवावर असतो. आधी त्याने द्यायचे, मग आपण फेडायचे. नेम आणि संकल्प यांचा भार मात्र सर्वस्वी आपल्या शिरावर असतो. आपण वर्षारंभी यादी करतो ती बहुधा मनोरथांची, आणि नाव देतो संकल्पाचे.

पूजेच्या आरंभी होणारा संकल्प आठवून पाहा. यजमान हाती उदक घेतो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार होतो. स्थळही सांगितले जाते; कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत, हेही त्यात येते. आपले पूर्वज गोदा-कृष्णेचा काठ सोडून इकडे आले, तेव्हा नर्मदेच्या उत्तरेस राहणाऱ्यांच्या संकल्पातील नदीही बदलली. त्यानंतर गोत्र आणि नाव, नंतर कार्य आणि त्याचा हेतू, आणि मगच ताम्हनात उदक सोडायचे. केव्हा, कोठे, कोणी आणि काय, हे सारे ठरल्यावाचून संकल्प पुरा होत नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली आपल्या संशोधनाच्या आधारे हेच प्रतिपादन केले: अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक रीतीने करीन, असे आधी ठरविणाऱ्यांच्या हातून केवळ हेतू बाळगणाऱ्यांपेक्षा ते काम होण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो.

दुसरा धडा चातुर्मासाच्या नेमांचा. कांदेनवमीला कांद्याची भजी मनसोक्त खाऊन झाली की आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत आपल्या आज्या-पणज्या काही ना काही नेम धरीत. कोणी वांगे सोडी, कोणी मौनाने जेवी, कोणी लक्षवातींचा नेम करी. या नेमांचा विशेष असा की, ते लहान असत, मोजता येत, आणि त्यांना शेवट असे. शेवटी उद्यापन असे, म्हणजे पूर्ततेचा आनंद चारचौघांत वाटून घेण्याची सोयही असे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांचा एक अभ्यास २०१० साली छापून आला. नवी सवय अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागतात, असे त्यांस आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्येच एखादा दिवस चुकला तरी विशेष बिघडत नाही, हेही त्यांनी नोंदविले. चातुर्मासाची मुदत किती विचारी होती, हे यावरून ध्यानी येईल.

तिसरा धडा या बडोद्याच्याच भूमीतला. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा संकल्प महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी एकाच दिवशी सर्व राज्यावर लादला नाही. १८९३ साली अमरेली भागात त्याचा प्रयोग झाला, अडचणी पारखल्या गेल्या, आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यात लागू झाला. मध्ये तेरा वर्षे गेली. राज्याच्या अधिपतीला जर लहान प्रदेशापासून आरंभ करावासा वाटला, तर पहाटे पाचला उठण्याचा संकल्प आपण आधी पंधरा दिवसांपुरता करावयास काय हरकत आहे?

येथपर्यंत रीतीचा विचार झाला. परंतु यादी कोणाची, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पालकसभेत मी मातांना हटकून विचारतो, “या वर्षी तुम्हाला स्वतःसाठी काय हवे?” उत्तरे ठरलेली असतात: मुलाला गणितात चांगले गुण मिळावेत, ह्यांचे गुडघे बरे व्हावेत, सासूबाईंची काशीयात्रा घडावी. ‘स्वतःसाठी’ हा शब्द पुन्हा उच्चारला की काही क्षण शांतता पसरते. मग एखादी हलकेच म्हणते, अर्धवट राहिलेले बी. ए. पुरे करायचे होते. दुसरी म्हणते, माहेरची पेटी माळ्यावर पडून आहे. या इच्छा घरात कोणाला ठाऊक नसतात, कारण कोणी विचारलेलेच नसते. नेम आणि व्रते बायकांनी करायची, आणि त्यांचे फळ मात्र पतीला नि मुलांना मिळायचे, ही आपली जुनी वहिवाट आहे. आजच्या यादीतही तीच चालू राहते.

म्हणून माझी सूचना अशी की, यादी साऱ्या घराची एकत्र व्हावी आणि तीत प्रत्येकाच्या नावाची एक ओळ असावी. गृहिणीची ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहावी. पेटी माळ्यावरून खाली उतरायची असेल, तर सायंकाळी सहा ते सात हा वेळ तिचा, असे कागदावर यावे. आणि त्या तासाचा कुकर कोण लावील, हेही त्याच्याच खाली लिहावे. गृहिणीला वेळ मिळायचा तो घरातल्या इतरांच्या हातूनच, एवढे या ओळीने सर्वांना कळते. आपली मुले घरात मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात, ही तक्रार आपणांपैकी बहुतेकांची आहे. ‘मराठी टिकवायचे’ असे यादीत लिहून काही साधणार नाही. ‘दर रविवारी जेवणापूर्वी नातवाने आजीला या मासिकातले एक पान वाचून दाखवायचे’ असे लिहावे. त्यात वार आहे, वेळ आहे, नाव आहे आणि मापही आहे.

यादी लांबलचक नसावी. माणशी एक संकल्प पुष्कळ झाला. मुदत चार महिन्यांची ठेवावी. मुदत सरली की घरच्या घरी उद्यापन करावे, गोडाधोडाचे दोन घास करावेत, पुरे झाले त्याचे कौतुक करावे आणि राहिले ते पुढील मुदतीत घ्यावे. वर्षारंभ आपल्या वाट्याला पाच आले आहेत. त्यांपैकी जो जवळ असेल तो निवडावा, आणि घरातील सर्वांना एकत्र बसवून वहीचे पहिले पान उघडावे.