गाव सुटले की आडनाव लागते

२०२० सालच्या वसंतात आपण सगळे घरात कोंडलो होतो. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर साथीची आकडेवारी सांगणारी पत्रकार परिषद लागे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर तेव्हा देशभराच्या ओळखीचे झाले. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचे नाव रोज राष्ट्रीय बातम्यांत उच्चारले जात होते. ते गाव कुठे आहे, हे ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. गोदाकाठच्या गंगाखेडला मात्र त्याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहिले नसेल.

या आडनावावरून एक साधा प्रश्न पडतो. समजा, गंगाखेडच्या भर बाजारात उभे राहून कुणी ‘अहो गंगाखेडकर’ अशी हाक मारली, तर वळून कुणी पाहावे? तिथे सगळेच गंगाखेडकर. जे नाव सगळ्यांना लागू पडते, ते एकालाही ओळखायच्या कामाचे नसते. गावात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, कुळाने, धंद्याने, वाड्याने किंवा एखाद्या टोपणनावाने. ‘गंगाखेडकर’ ही ओळख उपयोगी पडते ती परभणीत, नांदेडात, हैदराबादेत, पुण्यात. म्हणजेच गाव मागे पडल्यावर. ‘कर’ लागलेल्या आडनावाची जन्मकथा बहुधा अशीच असते. पहिल्या गंगाखेडकराने स्वतःला हे नाव क्वचितच घेतले असेल. ते दिले नव्या गावच्या शेजाऱ्यांनी, दुकानदारांनी, मास्तरांनी.

परभणी जिल्ह्यातील तालुक्यांची नावे पाहा : परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम. यांना ‘कर’ जोडला की पाथरीकर, सेलूकर, जिंतूरकर, पूर्णेकर ही रूपे आपसूक तयार होतात. मराठी बोलणाऱ्याला त्यासाठी व्याकरण शिकावे लागत नाही. ‘पूर्णा’चे ‘पूर्णे’ होते, ‘सातारा’ आणि ‘कुरुंदा’ यांचा शेवटचा काना गळून सातारकर, कुरुंदकर होतात. हे सारे जिभेनेच ठरवलेले आहे.

ही फक्त मराठीची खोड नाही. जर्मन भाषेत गावाच्या नावाला ‘अर’ हा प्रत्यय लागून असंख्य आडनावे झाली आहेत. ओपेनहाइम गावचा तो ओपेनहाइमर, बाम्बेर्गचा तो बाम्बेर्गर. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर जन्मले कोलोन शहरात, पण त्यांचे आडनाव आडेनाउ या छोट्या गावाचे. तिथल्या अभ्यासकांचाही निष्कर्ष हाच, की असे आडनाव गाव सोडून गेलेल्याला मिळते. तिथली दुसरी गंमत आपल्याला अधिक जवळची वाटेल. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव म्युलर, म्हणजे दळणारा, पाणचक्कीवाला. मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी, आणि शुल्त्स म्हणजे गावचा सारा-वसुली पाहणारा मुखिया. आपले पाटील, कुलकर्णी, देशमुख त्यांना पाहताक्षणी ओळखतील. मध्ययुगात खेड्यांचा कारभार चालवणारी पदे दोन्हीकडे होती, आणि पदे गेल्यावर नावे मागे उरली.

आता परभणीत कोणत्या जातीची आडनावे किती, हे मोजायचे कसे? २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार ८६ आहे. पण जनगणना आडनावांची यादी छापत नाही. म्हणून एक लहानसा, सर्वांना पडताळता येईल असा नमुना घेऊ. परभणी लोकसभा मतदारसंघात १९८९ ते २०२४ या काळात दहा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांत निवडून आलेले असे : अशोकराव देशमुख दोनदा (१९८९, १९९१), सुरेश जाधव दोनदा (१९९६, १९९९), सुरेश वरपूडकर (१९९८), तुकाराम रेंगे पाटील (२००४), गणेशराव दुधगावकर (२००९) आणि संजय जाधव तीनदा (२०१४, २०१९, २०२४). दहा निवडणुकांत जाधव पाच वेळा, देशमुख दोन वेळा, ‘कर’वाले दोन वेळा आणि रेंगे पाटील एकदा.

सहा माणसांच्या यादीवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येत नाही, हे उघड आहे. पण आडनावांचे प्रकार कोणते, हे ती चांगले दाखवते. जाधव हे कुळाचे नाव, यादव शब्दाशी नाते सांगणारे. देशमुख हे परगण्याच्या वतनाचे. रेंगे पाटील यात कूळ आणि पद शेजारी शेजारी बसले आहेत. वरपूडकर आणि दुधगावकर ही गावांची. शिवाय कुळाची व पदाची नावे गावोगाव असतात, म्हणून ती संख्येने भरपूर. गावाचे नाव त्या गावापुरते. म्हणून प्रत्येक ‘कर’ संख्येने विरळ, पण ‘कर’ आडनावांचे प्रकार मात्र शेकडो. एकट्या परभणी जिल्ह्यात आठशेहून अधिक गावे आहेत. प्रत्येक गाव सोडून कुणी ना कुणी गेलेलेच आहे.

इथे एक अपवाद नोंदवला पाहिजे. गावाचे नाव नेहमी निरोप घेतानाच मिळते असे नाही. वतनदार घराण्यांच्या शाखा वाढल्या, दोन गावचे देशमुख किंवा पाटील एकाच कचेरीत भेटू लागले, की कोणते देशमुख हे सांगण्यासाठी गाव जोडले जाई. अशा वेळी गावाचे नाव दाव्यासारखे असते. ‘मी तिथून आलो’ यापेक्षा ‘ते आमचे आहे’ असा त्याचा सूर असतो. या सुराचे एक नामी उदाहरण याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते.

अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन बहरी हा बहमनी दरबारातला बडा सरदार. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा इतिहासकार फरिश्ता सांगतो, की हा हसन मूळचा ब्राह्मण. नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरू. लहानपणी विजयनगरच्या मुलखातून बहमनी सैन्याने त्याला पकडून आणले आणि मुसलमान करून शहजाद्याच्या सोबतीला ठेवले. शहजाद्याच्या जिभेला ‘भैरू’ वळेना, तो ‘बहरी’ म्हणू लागला, आणि तेच नाव चिकटले. फारसीत बहरी म्हणजे शिकारी ससाणा; तेव्हा ते नाव दरबारात शोभूनही दिसले. याच घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. म्हणून मलिक अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहा राजी झाला नाही, तेव्हा १५१८च्या सुमारास त्याने पाथरी लढून घेतली.

धर्म बदलला, भाषा बदलली, तिमाप्पाचा हसन आणि भैरूचा बहरी झाला. तरी तिसऱ्या पिढीतल्या सुलतानाला पाथरीचे कुलकर्णपण विसरता आले नाही. फरिश्त्याच्या या हकिकतीतला तपशील कुणी कितीही घासूनपुसून घ्यावा, त्यातली ओढ मात्र ओळखीची आहे. त्याच्या नावात पाथरी कधीच नव्हती, पण मनात होती. आपल्याकडे उलटही असते. पाथरीकर आडनावाच्या अनेकांनी पाथरी कधी पाहिलेली नसते.

नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, याचे अलीकडचे उदाहरण नरहर कुरुंदकरांचे. कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला झाला. त्यांच्या आडनावातले कुरुंदा हे गाव वसमत तालुक्यातले. दोन्ही गावे तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती तिकडे गेली. कुरुंदकरांचे मामा म्हणजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर. शिक्षणासाठी भाचा मामांकडे हैदराबादला राहिला, आणि पुढे नांदेडला प्राध्यापक म्हणून आयुष्यभर रमला. आता हिशेब करा. नांदापूरला जन्मलेला भाचा नांदापूरकर नाही. हैदराबादेत राहणारे मामा मात्र नांदापूरकर. आणि ज्यांना सारा महाराष्ट्र नांदेडचे म्हणून ओळखतो, त्या कुरुंदकरांच्या नावात नांदेड नाही.

यावरून ‘कर’ आडनाव काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नेमके मांडता येते. बापाच्या बाजूच्या कुणा पूर्वजाला, कधी तरी, त्या गावच्या नावाने लोक ओळखू लागले, एवढेच ते सांगते. जन्मगाव सांगत नाही. जात सांगत नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची माणसे बाहेर पडली, आणि सगळ्यांना एकच प्रत्यय लागला. सकपाळ कुळातल्या भीमरावांच्या घराण्याला आंबडवे गावावरून आंबडवेकर म्हणत, आणि शाळेच्या दप्तरातून त्याचे आंबेडकर झाले, हे सर्वश्रुत आहे. नातेही हे आडनाव सांगत नाही. सेलू जसे परभणीत आहे तसे वर्धा जिल्ह्यातही आहे. दोन सेलूकर एकमेकांचे भाऊबंद असायला हवेत असे नाही. पिंपळगाव आणि बोरगाव तर मराठी मुलखात इतकी आहेत, की दोन पिंपळगावकर भेटले तर आधी ‘कोणते पिंपळगाव?’ असे विचारावे.

आणि आईविषयी ते काहीच सांगत नाही. लग्न होऊन आलेली सून सासऱ्याच्या पणजोबाने सोडलेल्या गावाचे नाव जन्मभर वागवते, आणि तिचे स्वतःचे गाव माहेर या एका शब्दात मावते. गंगाखेडची जनाबाई याहून वेगळ्या काळातली. तिच्या अभंगांत सही म्हणून नामदेवाची दासी ही ओळख येते. गावाचे नाव तिला कुणी लावले नाही. आज मात्र गंगाखेड जनाबाईचे म्हणून ओळखले जाते. गावाने माणसाचे नाव लावण्याचा हा दुर्मीळ प्रकार.

हा सगळा शोध हौसेपुरता राहिला असता, तर दिवाळीच्या फराळासोबत चघळून सोडून देता आला असता. पण मराठवाड्यात आडनावाचा प्रश्न घरोघरीच्या कागदांपर्यंत पोहोचला आहे. निजामाच्या राज्यातली दप्तरे उर्दूत, काही मोडीत. त्यांत माणूस नोंदला जाई तो ‘अमुक वल्द तमुक’ असा, म्हणजे बापाच्या नावाने. आजही मराठवाड्यातल्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘पि.’ म्हणजे पिता आणि बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार अशी अक्षरे दिसतात. आडनाव असेलच असे नाही. असले तरी उर्दू लिपीत ‘मोरे’ आणि ‘मुरे’ सारखेच दिसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून कित्येक घरांत पेट्या उघडल्या गेल्या. आजोबांच्या नोंदीत आडनाव नाही, वडिलांच्या दाखल्यावर कुळाचे, मुलाच्या दाखल्यावर गावाचे. तिघे एकाच घरचे, हे सिद्ध करायला मग वंशावळ, शपथपत्र आणि हेलपाटे.

यात कुणी लबाडी केलेली नसते. आपल्याकडे आडनाव कायमचे झाले ते शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात. त्या दिवशी मास्तरांनी विचारले, घरच्याने जे सांगितले, ते उतरले. कुणी कूळ सांगितले, कुणी पद, कुणी गाव. म्हणून स्वतःच्या आडनावाचा माग काढणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. घरातल्या कोणत्या कागदावर हे आडनाव पहिल्यांदा दिसते? त्याआधी त्या गावात घराण्याला काय म्हणत? आणि त्या नावाची गावे किती? पहिल्या प्रश्नाला शाळेचे रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार उपयोगी पडतात. दुसऱ्यासाठी मूळ गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे लागते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीही पाहाव्यात, कारण तिथे यजमानाचे कूळ आणि गाव दोन्ही लिहून ठेवण्याची रीत आहे.

ज्यांना आडनाव नकोच वाटले, अशीही माणसे या भागाने पाहिली. खेडगीकर आडनावाचे व्यंकटेश संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाने त्यांना त्याच नावाने ओळखले. परभणीत आयुष्य घालवलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३) यांनी कुलकर्णी बाजूला ठेवले आणि बी. रघुनाथ या नावाने लिहिले. स्वतःचे आणि बापाचे, एवढे दोनच शब्द. तेवढे पुरले.

आता नवी भर पडली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. ‘पि.’ आणि ‘भ्र.’ यांच्या दप्तरात आईला पहिल्यांदाच जागा मिळाली. आडनाव अजून बापाच्याच गावाचे असेल. आईचे गाव लिहायला रकाना नाही. तो निदान आपण घरच्या वहीत आखावा. पुढे कुणी नातू पेटी उघडील, तेव्हा त्याला कुरुंदा सापडेल आणि नांदापूरही.