तक्ता वाचायला शिका, तक्ता काढायला शिका!

महावितरणचे वीजबिल आपण सगळेच पाहतो. पाहतो म्हणजे काय, तर भरायची रक्कम आणि शेवटची तारीख एवढेच. त्याच कागदावर मागील महिन्यांच्या वीजवापराच्या लहान-मोठ्या पट्ट्या छापलेल्या असतात, त्यांच्याकडे लक्ष देतो कोण? वास्तविक घरात कधी किती वीज जळली, याचा हिशेब त्या पट्ट्या एका नजरेत सांगतात. उन्हाळ्यात पंखा चालला म्हणून पट्टी उंच झाली तर नवल नाही. पण घर आठ-पंधरा दिवस बंद होते आणि तरीही पट्टी उंच, असे झाले तर मीटरबद्दल विचारणा करायला तोच कागद हातात घेऊन जाता येते.

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातही आता अशा चित्रांपासून सुटका राहिलेली नाही. वर्तमानपत्रात सोन्याच्या भावाची वरखाली जाणारी रेघ, उसाच्या दराची तुलना, शाळेच्या निकालाचे रंगीत स्तंभ, आणि मोबाईलवर तर दिवसभर अशी चित्रे येतच असतात. इंग्रजीत त्यांना इन्फोग्राफिक म्हणतात. आपण माहितीचित्र म्हणू, किंवा सरळ तक्ता म्हणू. चार पाने वाचून जे ध्यानात राहत नाही, ते चांगला तक्ता चार क्षणांत सांगतो. मात्र वाईट तक्ता चार क्षणांत फसवतोही. म्हणून आपल्या समाजातील तरुणांनी, आणि विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या भगिनींनी, ही विद्या हस्तगत केली पाहिजे असे आम्हांस वाटते.

अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यापासूनच सुरुवात करू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. त्या अंगणवाडीत बाळाचे वजन घेऊन तक्त्यावर ठिपका दिला जातो आणि ठिपके जोडले की रेघ तयार होते. असा तक्ता खेड्यातल्या आईच्या हाती देण्याची कल्पना डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरने नायजेरियातील एका गावात काम करताना रुजवली. आपल्याकडे अनेक आया एवढेच विचारतात, 'बाई, माझं बाळ हिरव्यात हाय न्हवं?' प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. ठिपका कोणत्या रंगात आहे याइतकेच रेघ कोणीकडे चालली आहे हेही महत्त्वाचे. बाळ हिरव्या पट्ट्यात असूनही दोन-तीन महिने रेघ आडवी राहिली, तर ते आजारी आहे किंवा पोटाला कमी पडते आहे असे समजून लगेच दाखवले पाहिजे. पिवळ्यात असलेल्या बाळाची रेघ चढती असेल तर आई योग्य मार्गावर आहे. अक्षर न येणाऱ्या आजीलाही हे वाचता येते.

ड्यू बॉईस यांचे साठ तक्ते

तक्त्याचा उपयोग गांजलेल्या समाजाने आपल्या बाजूने कसा करून घेतला, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे आहे. १९०० साली पॅरिस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय प्राध्यापकाने अटलांटा विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, शाईने आणि रंगांनी हाताने काढलेले सुमारे साठ तक्ते मांडले. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती. 'हे लोक मुळातच आळशी, अडाणी' असे गोरे समाजशास्त्री पुस्तके लिहून सांगत होते. ड्यू बॉईस यांनी त्यांच्याशी शब्दांनी वाद घातला नाही. साक्षर किती झाले, जमीन किती विकत घेतली, घरातले सामानसुमान कितीचे झाले, कोण कोणत्या धंद्यात आहे, हे त्यांनी तांबड्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांत मांडले. जगभरचे प्रेक्षक येणार म्हणून काही तक्त्यांवर फ्रेंचमध्येही मजकूर दिला. या कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले.

याच ड्यू बॉईस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. ड्यू बॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आपुलकीने उत्तर पाठवले. एकाने पॅरिसमध्ये तक्ते मांडले, तर दुसऱ्याने लंडनमध्ये अर्थशास्त्राचा प्रबंध लिहून तो १९२३ साली 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' म्हणून प्रसिद्ध केला. तो ग्रंथ उघडून पाहा, पानोपानी आकड्यांचे कोष्टक आहे! आपल्याकडे बाबासाहेबांच्या भाषणांची पारायणे होतात, पण त्यांच्या कोष्टकांजवळ फारसे कोणी थांबत नाही. १९५५ सालच्या भाषावार राज्यांवरील त्यांच्या पुस्तकातही नकाशे आणि लोकसंख्येचे आकडे आहेत. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्या गावच्या बाजारात ऐकू येतात, त्या गडहिंग्लजकरांनी तरी ते पुस्तक अवश्य चाळावे.

शंभर चौकोनांचे घर

ड्यू बॉईस यांच्या तक्त्यांपैकी एक खास घरातल्या माणसांसाठी आहे. अटलांटामधील दीडशे कुटुंबांची मिळकत आणि खर्च त्यात दाखवला आहे. प्रत्येक मिळकतगटासाठी एक आडवी पट्टी, सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या, आणि तिच्यात भाडे, अन्न, कपडे, कर, इतर खर्च व बचत असे रंगीत तुकडे. सर्वांत गरीब घराची पट्टी भाडे आणि अन्न यांनीच अर्ध्याहून जास्त भरून जाते. मिळकत वाढते तसा शेवटचा तुकडा रुंद होत जातो.

आता हे आपल्या घरी करून पाहा. मुलांच्या आलेख वहीत शंभर चौकोनांची एक पट्टी आखा. महिन्याची मिळकत म्हणजे शंभर चौकोन. किराणा किती चौकोन, शाळेची फी आणि एस.टी.चा पास किती, औषधपाणी किती, मोबाईलचा रिचार्ज किती, कर्जाचा हप्ता किती, ते वेगवेगळ्या रंगांनी भरा. पानाचे, तंबाखूचे चौकोनही लपवू नका. घरधन्याला जे चार शब्दांनी सांगून पटत नाही, ते त्या चौकोनांनी पटण्याची शक्यता जास्त, असा आमचा अंदाज आहे!

हप्त्याचे चौकोन मात्र नीट तपासले पाहिजेत, कारण आपल्या वस्त्यांत आज पुष्कळ घरे इथेच अडकतात. दारात येऊन कर्ज देणारा सांगतो, 'ताई, दहा हजार घ्या, व्याज फक्त शेकडा बारा, वर्षात फेडा.' बारा टक्क्यांनी १,२०० रुपये व्याज, एकूण ११,२००, म्हणजे महिन्याला सुमारे ९३३ रुपयांचा हप्ता. ऐकायला स्वस्त वाटते. पण याचा तक्ता काढा. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे १०,००० होते. दुसऱ्या महिन्यात मुद्दलातले ८३३ गेले, राहिले ९,१६७. जिन्याच्या पायऱ्यांसारखी बाकी उतरत जाते आणि बाराव्या महिन्यात ८३३ वर येते. वर्षभराची सरासरी बाकी निघते सुमारे ५,४०० रुपये. आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर! ५,४०० वर १,२०० म्हणजे शेकडा बावीसच्या आसपास. म्हणून कर्ज घेताना, मग ते बचत गटातून असो की बाहेरून, व्याज मूळ रकमेवर की घटत्या बाकीवर, हा एकच प्रश्न आधी विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

तक्ता फसवतो कसा

पट्टी शून्यापासून सुरू होते की नाही, हे प्रथम पाहावे. समजा एका शाळेचा निकाल ८२ टक्के आणि दुसरीचा ८५ टक्के. पट्ट्या शून्यापासून काढल्या तर दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतील. त्याच पट्ट्या ८० पासून काढल्या, तर दुसरी शाळा अडीच पट उंच दिसेल! जाहिरातीत हा प्रकार हमखास सापडतो.

दुसरी युक्ती चित्राच्या आकाराची. उत्पन्न दुप्पट झाले म्हणून रुपयाचे नाणे दुप्पट उंच काढले की ते दुप्पट रुंदही होते आणि डोळ्यांना चौपट भासते. ऑटो न्यूराथ यांनी १९२५ मध्ये व्हिएन्ना शहरात कामगारांना समाजाची स्थिती समजावी म्हणून खास संग्रहालय काढले. त्यांनी नियमच केला, की संख्या मोठी असेल तर चित्र मोठे काढायचे नाही, तेच लहान चित्र अधिक वेळा काढायचे.

आणि मोजले काय आहे, हेही पाहावे. शहरी भागात दर शंभर लोकांमागे शंभराहून अधिक फोन, असा तक्ता पाहून वाटते की प्रत्येकाच्या हाती फोन आला. पण तेथे मोजलेली असतात फोनची जोडणी, माणसे नव्हेत. एकाच्या खिशात दोन सिमकार्डे असली तर ती दोन धरली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र बायकांनाच विचारले, की स्वतः वापरता असा फोन तुमच्याकडे आहे काय? देशात सुमारे ५४ टक्के बायकांनीच 'होय' म्हटले. पहिल्या तक्त्यात ही अर्धी दुनिया दिसतच नाही.

आपला स्तंभ किती उंच?

गडहिंग्लज हे पूर्वी करवीर संस्थानातले गाव. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेथे त्या हुकुमामागेही मोजदाद होती. महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० एकट्या ब्राह्मण समाजाकडे होत्या. १९१२ पर्यंत हे प्रमाण ९५ पैकी ३५ वर आले. म्हणजे शंभरातल्या ८५ वरून ३७ वर. दोन पट्ट्या शेजारी शेजारी काढा, आरक्षण कशासाठी हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आता आपला स्वतःचा तक्ता. आलेखाच्या कागदावर एक लाख लोकांना एक सेंटिमीटर धरा आणि महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या जनगणनेप्रमाणे काढत जा. १९५१ साली २,४८७ बौद्ध. स्तंभाची उंची पाव मिलिमीटर! पेन्सिलचे टोक टेकवले तरी जास्त होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या गणनेत संख्या आली २७,८९,५०१. स्तंभ अठ्ठावीस सेंटिमीटर, कागदाच्या बाहेर जाणारा. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत असा स्तंभ फार थोड्या वेळा उभा राहिला असेल. पुढे १९९१ ला ५० सेंटिमीटर, २००१ ला ५८, आणि २०११ ला ६५,३१,२०० म्हणजे ६५ सेंटिमीटर.

स्तंभ चढतोच आहे, मग काळजी कसली? तर हेच आकडे दुसऱ्या रीतीने मांडून पाहा. राज्याच्या शंभर लोकांत बौद्ध किती? २००१ साली ६.०३ आणि २०११ साली ५.८१. संख्या वाढली आणि वाटा घटला! दोन्ही तक्ते खरे आहेत. आपली कुटुंबे लहान होत आहेत, मुलींची शाळा वाढते आहे, हे एक कारण असू शकते आणि ते वाईट म्हणता येणार नाही. देशातील बौद्धांची साक्षरता २०११ मध्ये ८१ टक्क्यांवर होती, तर एकूण देशाची ७३ टक्के. पण दुसरेही एक कारण आपल्याला घराघरांत ऐकू येते. प्रगणक दारात आला की घरातले वडीलधारे 'सवलत जाईल' या भीतीने धर्माच्या रकान्यात हिंदू लिहायला सांगतात. ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. धर्म हा एक रकाना, अनुसूचित जात हा दुसरा, एकाने दुसरा रद्द होत नाही. मात्र धर्मात हिंदू लिहिले तर तो माणूस बौद्धांच्या स्तंभातून कायमचा उतरतो. एक लाख लोकांनी असे केले की एक सेंटिमीटर कमी.

२०२१ ची जनगणना लांबत गेली. आता नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला असून यावेळी सर्व जातींची नोंद घेण्याचे शासनाने जाहीर केले आहे. महिला मंडळाच्या भगिनींनी त्याआधी विहारात वर सांगितलेला तक्ता लांब कागदावर काढून लावावा. खाली आकडे जनगणनेचे आहेत हे लिहावे, पट्ट्या शून्यापासून काढाव्यात, आणि शेजारी धर्म व जात या दोन रकान्यांचा नमुना भरून ठेवावा. २०११ च्या स्तंभानंतर एका स्तंभाची जागा मोकळी ठेवायला विसरू नये.