ढगांची ठेवण आणि सोलापूरचं ऊन

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर सोलापूरच्या माथ्यावर येतो. भर दुपारी शुक्रवार पेठेच्या बोळात उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच विरून जाते आणि पारा चाळिशीच्या वर असतो. समुद्र इथून पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. तरीही येत्या काळात हे ऊन किती वाढणार, याच्या हिशेबात समुद्रावरच्या ढगांचा वाटा मोठा आहे. ते ढग किती आहेत एवढंच विचारून भागत नाही. ते आकाशात कसे मांडले गेले आहेत, हेही पाहावं लागतं.

दिवस-रात्र आणि सगळे प्रदेश धरून पृथ्वीला सूर्याकडून दर चौरस मीटरला सरासरी 340 वॅट ऊर्जा मिळते. त्यातली सुमारे 100 वॅट तशीच अवकाशात परत जाते आणि या परतीच्या उजेडातला जवळजवळ निम्मा वाटा ढगांचा असतो. उघडा समुद्र काळसर असतो. ऊन चढलेलं असताना तो जेमतेम 6 टक्के प्रकाश परतवतो, बाकीचा पोटात घेतो. म्हणून अशा पाण्यावर पांढरा ढग आला की फरक सर्वात मोठा पडतो. ढग पृथ्वीची उष्णता अडवूनही धरतात, पण उंचावरचे थंड ढग हे काम अधिक करतात. समुद्रावरच्या बुटक्या ढगांचा माथा जवळजवळ पाण्याइतकाच उबदार असल्याने ते उष्णता फारशी अडवत नाहीत, ऊन मात्र परतवतात. वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली उपग्रहांच्या मोजमापांवरून दाखवून दिलं, की सगळी गोळाबेरीज केली तर ढग पृथ्वीला थंडच ठेवतात.

आता ठेवणीचं बघू. सोलापुरी चादर पलंगभर नीट पसरली तर ती सगळा पलंग झाकते. तीच चादर चुरगळून अर्ध्या भागात गोळा केली, तर तिथे ती दुप्पट जाड होते आणि उरलेला पलंग उघडा पडतो. सूत तेवढंच, झाकण्याचं काम मात्र घटलं. ढगातल्या पाण्याचंही तसंच आहे. साध्या सूत्राने हिशेब केला, तर मध्यम जाडीचा सलग ढग 100 पैकी सुमारे 56 किरण परतवतो. तेच पाणी अर्ध्या जागेत गोळा झालं, तर त्या दाट भागातून 72 किरण परततात, मोकळ्या समुद्रावरून 6. सरासरी आली 39. पाण्याचा एकही थेंब कमी न होता परतणारा उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटला, कारण ढग जाड होत गेला तरी त्याची चमक त्याच प्रमाणात वाढत नाही.

सूर्याची उंचीही यात भर घालते. ऊन तिरपं असताना ढगांच्या उभ्या बाजू उजेड अडवतात. सूर्य डोक्यावर आला की तोच उजेड ढगांमधल्या फटींतून सरळ पाण्यात उतरतो.

समुद्रावर या दोन्ही मांडण्या खरोखरच दिसतात. 1 एप्रिल 1960 रोजी टायरॉस-1 हा पहिला हवामान उपग्रह अवकाशात गेला. त्याने पाठवलेल्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांची कित्येक किलोमीटर रुंदीची घरं उठून दिसली. काही घरं बंद असतात: मधोमध दाट ढग आणि कडेला बारीक फट. काही उघडी असतात: मधे मोकळं आकाश आणि भोवती ढगाची कड. बंद घरांचा पट्टा उघड्यांपेक्षा कितीतरी उजळ दिसतो.

बंद घर उघडं होण्यामागे बऱ्याचदा भुरभुर पाऊस असतो. थेंब मोठे होऊन गळू लागले की त्यातले काही खाली जाता जाता वाफ होऊन जातात. त्यामुळे ढगाखालची हवा थंड होऊन खाली बसते आणि जिथे ढग होता तिथेच मोकळी जागा पडते. गळण्याइतके मोठे थेंब होणार की नाही, हे हवेतल्या धूलिकणांवर आणि क्षारकणांवर ठरतं. कण जास्त असले तर तेवढंच पाणी अधिक थेंबांत वाटलं जातं. एका थेंबाचे आठ झाले तर प्रत्येकाची त्रिज्या निम्मी होते आणि पाण्याचा एकूण पृष्ठभाग दुप्पट. त्यामुळे ढग उजळतो आणि गळायचाही थांबतो. यातली उजळण्याची बाजू शॉन टूमी यांनी 1974 साली मांडली.

आपल्या अरबी समुद्रात ढगांच्या ठेवणीतला आणखी एक फरक एकाच पावसाळ्यात पाहायला मिळतो. जून-जुलैत सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलवरचं थंड पाणी वर येतं. त्यावरच्या हवेत उबदार थराचं झाकण बसतं, म्हणून तिथले ढग बुटके आणि पसरट राहतात. वारे कोकणाकडे येता येता हे झाकण सैल होतं आणि ढग उंच वाढतात. उंच ढग ऊन परतवतात, तशी उष्णताही अडवतात. एरवी उष्ण कटिबंधात या दोन गोष्टी बऱ्याच अंशी एकमेकींना तोलून धरतात. पण आशियाई मान्सूनच्या प्रदेशात तसं घडत नाही, इथले ढग अडवतात त्याहून बरंच अधिक ऊन परतवतात, असं एम. राजीवन आणि जे. श्रीनिवासन यांनी 2000 साली दाखवलं. पावसाळ्यातला गारवा नुसत्या पावसाने आलेला नसतो, त्यात या परतलेल्या उन्हाचाही वाटा असतो.

सह्याद्री ओलांडून हे ढग सोलापूरला पोहोचतात तेव्हा त्यांचं बरंच पाणी घाटमाथ्यावर सांडलेलं असतं. आभाळ भरून येतं आणि तसंच पुढे निघून जातं. नेमक्या याच कारणासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत ‘कायपीक्स’ या ढगांच्या अभ्यासाच्या प्रयोगाचा चौथा टप्पा सोलापूर परिसरात केला. विमानांनी ढगांत शिरून थेंबांची संख्या आणि आकार मोजले, जमिनीवरून रडारने ढगांची वाढ टिपली. एकूण 276 ढग अभ्यासले गेले. त्यातल्या निवडक ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे, मोठे थेंब घडवणारे कण सोडले. असं बीजारोपण झालेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी सुमारे 18 टक्के अधिक पाऊस पडल्याचं संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलं.

या प्रयोगाची चर्चा कृत्रिम पावसापुरतीच झाली, याची खंत वाटते. कारण कणांपासून थेंब, थेंबांपासून सर आणि सरीपासून ढगाचा बदललेला आकार, ही साखळी समुद्रावर आणि सोलापुरात एकच आहे. हवामानाची जागतिक प्रारूपं साधारण शंभर किलोमीटरच्या चौकटींत विचार करतात. ढगांची घरं आणि फटी त्याहून लहान असल्याने त्या अंदाजाने भराव्या लागतात. पृथ्वी किती तापेल याच्या भाकितांत आजही जो मोठा फरक राहतो, त्याचं एक मुख्य कारण हेच आहे. तापमानवाढीसोबत ढगांत होणारे बदल एकूणात तिला हातभारच लावतील, असा निष्कर्ष आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालाने काढला आहे.

तो हातभार किती असेल, हे कळायला विमानं, रडार आणि उपग्रहांनी वर्षानुवर्षं सलग केलेली मोजणी लागते. ज्या शहरात उन्हाळ्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणं दिवसेंदिवस जड होत चाललं आहे, त्या शहराने ही मोजणी दोन पावसाळ्यांवर थांबू नये, असा आग्रह धरायला हवा. ढगांच्या अभ्यासावरचा खर्च हा सोलापूरकरांच्या उद्याच्या उन्हाळ्याच्या तयारीचाच भाग आहे.