तोफेच्या कित्येक किलोमीटर पुढे

नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याचा ‘तोपची’ हा सराव होतो, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तोफांवर खिळलेल्या असतात. तरुण अधिकाऱ्याची खरी कसोटी मात्र तिथून बरीच पुढे लागते. दुर्बीण, नकाशा आणि वायरलेस घेऊन तो पायदळाच्या कंपनीबरोबर चालत असतो. लष्करात त्याला ‘ओपी’ म्हणतात.

डेहराडून किंवा चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडलेला लेफ्टनंट रेजिमेंटमध्ये आला, की सुरुवातीला जवानांबरोबरच राहतो, लंगरमध्ये जेवतो, तोफेची साफसफाई करतो, गोळे वाहतो. बोफोर्स तोफेचा गोळा चाळीस किलोंहून जड असतो. तो स्वतः उचललेला असला, म्हणजे पुढे वायरलेसवर मारा मागताना मागे कुणाचे खांदे भरून आलेत, हे त्याला सांगावं लागत नाही.

मग देवळालीच्या तोफखाना प्रशालेत गणित सुरू होतं. तोफखान्यात वर्तुळाचे 6400 ‘मिल’ मानतात. एका मिलची चूक एक किलोमीटरवर साधारण एक मीटरची, वीस किलोमीटरवर वीस मीटरची. शिवाय वारा, हवेची घनता, दारूचं तापमान, झिजलेली नळी, सगळंच हिशेबात धरायचं.

ओपी लक्ष्याची जागा कळवतो. पहिला गोळा पलीकडे पडला, तर दुसरा अलीकडे पाडायचा. मग मधलं अंतर निम्मं करत लक्ष्य गाठायचं. नेम बसला की तोफांची अख्खी बॅटरी धडाडते. सगळ्यात अवघड क्षण त्यानंतरचा. आपलं पायदळ शत्रूच्या मोर्चाकडे सरकत असतं. मारा लवकर थांबवला, तर शत्रू डोकं वर काढून मशीनगन चालवणार. उशीर झाला, तर गोळे आपल्याच माणसांवर पडणार. लांबचा गोळा हवेत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ असतो, म्हणजे निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो. आणि तो घेणारा मुलगा अनेकदा पंचविशीच्या आतला असतो. एवढ्या कोवळ्या वयात इतकं मोठं ओझं दुसऱ्या कुठल्या नोकरीत असेल, असं मला वाटत नाही.

कारगिलच्या युद्धात 1999 साली हे ओपी पायदळाबरोबर कडे चढले. तिथल्या विरळ हवेत गोळा लांब जातो, त्यामुळे सपाटीवरचे अंदाज चालत नाहीत. द्रासच्या पॉइंट 5140 ला 2022 मध्ये ‘गन हिल’ नाव मिळालं, ते तोफखान्याच्या सन्मानार्थ. बोफोर्सचं नाव घरोघरी पोचलं. तिच्या गोळ्यांना वाट दाखवणारे कॅप्टन आणि लेफ्टनंट मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते.

या तोफखान्यात आता मुलीही आहेत. 29 एप्रिल 2023 रोजी चेन्नईच्या अकादमीतून पाच तरुणी तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाल्या. त्याआधी या दलात महिला अधिकाऱ्यांना प्रवेश नव्हता.