मीटिंगमधला चौथा माणूस

आजचा विषय आमच्याच फजितीतून आलाय, त्यामुळे आधी तीच सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या टीमची ऑनलाइन मीटिंग होती. माणसं तीन, स्क्रीनवर चौकोन मात्र चार. चौथ्यात चेहरा नाही, नुसतं नाव आणि पुढे 'नोटटेकर'. मला वाटलं मित्राने लावलाय, त्याला वाटलं मी. मैत्रिणीने पूर्वी कधीतरी एक ॲप फुकटात वापरून बघताना त्याला कॅलेंडरची परवानगी दिली होती. तेव्हापासून तो बॉट तिच्या प्रत्येक मीटिंगला आपणहून हजर व्हायचा.

मीटिंग संपली, ती निघून गेली. आम्ही दोघं बोलत बसलो. मित्राच्या वडिलांची बायोप्सी होती, तो घाबरलेला होता. अर्ध्या तासाने सगळ्यांना मेल आला: मीटिंगचा सारांश. त्यात 'पुढची कामं' या मथळ्याखाली तिसरी ओळ, वडिलांची बायोप्सी, मंगळवार. आणि 'सगळ्यांना' म्हणजे आमंत्रणाच्या यादीतल्या सगळ्यांना. त्यात आमचा एक क्लायंटही होता, जो मीटिंगला आलाच नव्हता. मित्राने घरीसुद्धा अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

तर, हे होतं कसं? तुमचा आवाज फोनमधून निघतो आणि मीटिंग चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. बॉट तो आवाज स्वतःच्या कंपनीच्या सर्व्हरवर नेतो. तिथे आवाजाचा मजकूर होतो. तो मजकूर बऱ्याचदा तिसऱ्याच एखाद्या कंपनीच्या एआय मॉडेलकडे जातो, तिथून सारांश परत येतो आणि कुठेतरी साठवला जातो. प्रत्येक मुक्कामाचा देश वेगळा असू शकतो, नियम वेगळे असू शकतात. तुम्ही 'ओके' दाबलेलं असतं फार तर पहिल्या मुक्कामासाठी.

'पण आमचं ॲप एन्क्रिप्टेड आहे की!' असं लगेच कोणीतरी म्हणेल. थांबा. साध्या एन्क्रिप्शनमध्ये पाकीट रस्त्यात बंद असतं, पण सर्व्हरवर पोचल्यावर उघडता येतं. एंड-टू-एंडमध्ये ते फक्त बोलणाऱ्यांच्या फोनवर उघडतं. आता, जे पाकीट सर्व्हरला उघडताच येत नाही, त्यातल्या पत्राचा सारांश सर्व्हर कसा देणार? म्हणूनच झूममध्ये एंड-टू-एंड चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग आणि एआय सारांश बंद होतात. सर्व्हरवरचा एआय हवा असेल तर सहसा पाकीट उघडावं लागतं.

झूमचंच उदाहरण पुढे नेतो, कारण ते गाजलं होतं. मार्च २०२३ मध्ये त्यांनी अटी बदलल्या. ऑगस्टमध्ये लोकांचं लक्ष गेलं, की ग्राहकांचा मजकूर मशीन लर्निंगसाठी वापरण्याचा हक्क त्यात घेतलेला दिसतोय. बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच कंपनीने अटी सुधारल्या: ऑडिओ, व्हिडिओ, चॅट एआयला शिकवायला वापरणार नाही. चांगलं झालं. पण 'शिकवायला वापरत नाही' आणि 'साठवत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कुठल्याही ॲपच्या अटी वाचताना मी आता आधी दुसरं वाक्य शोधतो. बहुतेकदा सापडत नाही!

मग येतो डेटा सार्वभौमत्वाचा मुद्दा. शब्द जड आहे, प्रश्न सोपा: तुमच्या डेटावर कायदा कोणाचा चालतो? 'आमचे सर्व्हर भारतात आहेत' हे उत्तर अर्धंच. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार तिथल्या कंपनीकडे कायदेशीर आदेशाने डेटा मागता येतो, मग तो जगात कुठेही ठेवलेला असो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं गेलं, की फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय फ्रेंच नागरिकांचा डेटा अमेरिकेला दिला जाणार नाही, याची हमी देता का? त्यांनी हमी देता येत नाही असं सांगितलं. आजवर असं घडलेलं नाही, हेही सांगितलं, तेही तितकंच ऐकायला हवं.

आपल्याकडे २०२० मध्येच गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती. त्याच वर्षी केंद्राने देशी व्हिडिओ कॉलिंगसाठी स्पर्धा घेतली आणि केरळच्या आलप्पुळामधल्या टेकजेन्शिया या छोट्या कंपनीने ती जिंकली. कायदा मात्र २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या बऱ्याच जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण डेटा देशातच ठेवा, अशी सरसकट सक्ती त्यात नाही. सरकार ठरावीक देशांवर बंदी घालू शकतं.

एक गोष्ट मराठीत बोलणाऱ्यांसाठी खास. आपल्या वाक्यात 'नाही' बऱ्याचदा शेवटी येतं. 'मी हे करणार नाही' म्हणताना आवाज खाली गेला आणि मशीनने शेवटचा शब्द गिळला, की सारांशात तुम्ही 'करणार' असता! ते ऑफिसच्या रेकॉर्डवर जातं, आणि सहा महिन्यांनी तुमची तोंडी आठवण विरुद्ध लेखी सारांश असा सामना होतो. कोण जिंकेल ते सांगायला नको.

आम्ही काय केलं? मैत्रिणीने ॲप नुसतं डिलीट केलं, तर बॉट पुढच्या मीटिंगला पुन्हा हजर! परवानगी गूगल खात्यात तशीच होती. ती खात्याच्या सेटिंगमध्ये, इतर ॲप्सच्या जोडण्यांमध्ये जाऊन तोडावी लागली. जुने सारांश वेगळे पुसावे लागले. क्लायंटला गेलेला मेल अर्थातच परत आला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी मित्राला फोन करून वडिलांची चौकशी केली. चांगल्या मनानेच केली, पण मित्राला ते जड गेलं.

तुम्ही वाचताय तो मजकूर विस्परने केलाय. ते मॉडेल ओपनएआयने २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि ते माझ्याच लॅपटॉपवर चालतं, नेट बंद असलं तरी. मराठीत चुका भरपूर करतं. या भागात त्याने 'बायोप्सी'चं 'बायको पुसे' केलं होतं, ते मी हाताने दुरुस्त केलं. आणि हो, हा किस्सा सांगायच्या आधी मित्राला विचारलंय. तो म्हणाला, सांग, फक्त नाव घेऊ नकोस.